झूट मॅडम

"झूट!"

मॅडमच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द हा. आमच्या वर्गातल्या एका मुलानं असाइनमेंट आणली नव्हती आणि कारण सांगितलं होतं, "मॅडम, काल नेट नव्हतं." मॅडम हजेरी घेत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "झूट," एवढंच म्हणाल्या. मग हजेरी संपवून त्या त्याच्याकडे वळल्या. "नेट नव्हतं म्हणजे काय नव्हतं? राउटरचा दिवा लागला होता का? कोणता? शेजारच्याचं चालू होतं का? साइटचं नाव सापडत नव्हतं की तिथं जायचा रस्ता सापडत नव्हता?" तो मुलगा वहीची पानं उलटायला लागला. "तुम देखे क्या? नै देखे ना? फिर बोलते कायकू?" सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून रेहाना मॅडम आमच्या झूट मॅडम झाल्या. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा वर्गात येऊन म्हणाल्या, "मला कळलंय तुम्ही मला काय म्हणता. राहू द्या. खोटं बोलताना आठवण येईल."

त्या संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात राहायच्या आणि जुन्या स्कूटरवरून कॉलेजला यायच्या. बुटक्या, तरातरा चालणाऱ्या, डोक्यावरची ओढणी सतत सावरणाऱ्या. वडील पैठणच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्यामुळे मॅडम फळ्यावर लिहायच्या ते मराठी अगदी शुद्ध, समजावून सांगायच्या ते मराठवाडी, आणि राग आला की थेट दखनी उर्दू. वर्गात शिरताना त्यांची भाषा कोणती आहे यावरून पुढचा तास कसा जाणार ते आम्ही ओळखायचो. एवढी वर्षं शिकवूनही त्या तासिका तत्त्वावरच होत्या, म्हणजे दरवर्षी नवी नेमणूक. कायम नोकरीतल्या सरांच्या केबिनमधलं नेट बंद पडलं की शिपाई मात्र मॅडमनाच शोधत यायचा.

त्यांचा राग विनाकारण नसायचा, हे मला एकदा नीट दिसलं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी एका सेवा केंद्रात रांगेत उभी होते. पुढं पैठणकडचे एक आजोबा होते, त्यांची ही तिसरी खेप. खिडकीतला माणूस त्यांना म्हणाला, "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." आजोबा मुकाट्यानं पिशवी उचलून निघाले. मागून आवाज आला, "थांबा, चाचा." वळून बघते तर मॅडम. त्या सरळ खिडकीशी गेल्या. "कुठला सर्व्हर? इथला की मुंबईचा?" माणूस म्हणाला, "ते आम्हाला काय माहीत?" "मग डाऊन आहे हे कसं माहीत?" वाद वाढला. शेवटी त्या दार ढकलून आत गेल्या आणि टेबलाखाली वाकल्या. नेटच्या डब्याची पिन काढून तिथं कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

आजोबांचं काम तिथल्या तिथं झालं. बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, आता त्या हसतील. त्या म्हणाल्या, "यंत्र बिचारं कधी खोटं बोलत नाही गं. यंत्राच्या नावावर माणसं बोलतात. आणि तो म्हातारा तीनदा एसटीचे धक्के खाऊन आला, त्याला वाटलं आपलंच नशीब खोटं."

तिसऱ्या वर्षाला मॅडमनी आम्हाला पॅकेट वाचायला शिकवलं. नेटवर्कवरून जे काही जातं ते तुकड्यातुकड्यांनी जातं. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. जाता-येता त्याची नक्कल उतरवून एका फाइलमध्ये ठेवता येते आणि नंतर सवडीनं वाचता येते. वाचायला तयार सॉफ्टवेअर मिळतात. त्यांत सगळं रंगीत रकान्यांत मांडलेलं असतं. दुसऱ्या कॉलेजातली मुलं तेच वापरायची. मॅडमनी ते आमच्या लॅबमधून काढून टाकलं. "रकाने नंतर. आधी बाइट," त्या म्हणाल्या. "सी भाषेत प्रोग्राम लिहा, फाइल उघडा आणि एकेक पॅकेट स्वतःच्या हातानं सोला."

मग आम्ही सोलायला लागलो. पहिले सहा बाइट म्हणजे पॅकेट ज्या नेटवर्क कार्डाकडं चाललंय त्याचा नंबर. पुढचे सहा म्हणजे जिथून निघालं त्या कार्डाचा. हा नंबर कारखान्यातच कार्डाला दिलेला असतो. पुढचे दोन बाइट आत काय आहे ते सांगतात. असे चौदा बाइट ओलांडले की मग आयपी नंबर वगैरे येतात, ते आपण माणसं यंत्राला देतो. मॅडम सांगायच्या, "आयपी नंबर म्हणजे घराच्या दारावरची पाटी. कुणीही बदलावी. कार्डाचा नंबर म्हणजे घरातल्या माणसाचा चेहरा."

एकदा माझ्या प्रोग्रामनं ८० ऐवजी २०४८० असा आकडा छापला. नेटवर्कवर दोन बाइटचा आकडा मोठ्या बाजूनं येतो, आपला कॉम्प्युटर तो धाकट्या बाजूनं वाचतो. वाचण्याआधी उलटवून घ्यायचा असतो, तेच मी विसरले होते. पण मी जर्नलमध्ये लिहून टाकलं, की सुरक्षिततेसाठी इथं वेगळा आकडा वापरलेला दिसतो. मॅडमनी जर्नल माझ्यासमोर ठेवलं. "आकडा चुकला याचा मला राग नाही. चुकलेल्या आकड्याला तू शिकल्या-सवरल्या माणसासारखं कारण शोधून दिलंस, त्याचा आहे."

आणखी एका गोष्टीवर त्यांचा फार कटाक्ष होता. फाइलमधल्या प्रत्येक पॅकेटसोबत दोन लांब्या येतात. मूळ पॅकेट किती लांब होतं ती एक, आणि त्यातलं आपण किती पकडलं ती दुसरी. मॅडम मुद्दाम प्रत्येक पॅकेटचा पुढचा थोडासा भागच पकडायच्या. "पत्ता वाचायचा. आतलं पत्र वाचायचं नाही. ते दुसऱ्याचं आहे." आणि आम्हाला बजावायच्या, "जेवढं पकडलंय तेवढंच वाचा. त्याच्या पुढं गेलात तर प्रोग्राम कोसळेल. नाही कोसळला तर अजून वाईट. मग मेमरीतला कुठलाही कचरा तुम्हाला पॅकेट वाटायला लागेल." लॅबच्या सर्व्हरवर ही नोंद सतत चालू असायची आणि तसा कागद लॅबच्या दारावर चिकटवलेला होता, विभागप्रमुखांच्या सहीनिशी. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं या कागदाला पाय फुटले.

आता वैशालीबद्दल. वैशाली माझी लॅबमधली जोडीदार. पैठणची. आई एका पैठणी केंद्रात मागावर बसायची. पहिलं वर्षभर वैशाली रोज एसटीनं ये-जा करायची, मग होस्टेलला आली. मी बजाजनगरची, कामगाराची मुलगी, बडबडी. ती वर्गात कधी तोंड उघडायची नाही. तास संपला की जिन्यात मॅडमना गाठून तीन-चार प्रश्न विचारायची. मॅडम जिन्यातच उभ्या राहून उत्तरं द्यायच्या आणि मागं पोरांची रांग तुंबायची.

शेवटच्या वर्षी कॉलेजनं ऑनलाइन परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. कॉम्प्युटरच्या पडद्याला रिबीन लावून ती पाहुण्यांच्या हस्ते कापली. पेपरमध्ये फोटो आला. त्या सॉफ्टवेअरवरची पहिली परीक्षा आमची, आमच्याच लॅबमध्ये. पेपर निम्म्यावर आला असताना वीज गेली. जनरेटर सुरू झाला, सगळे कॉम्प्युटर परत चालू झाले, फक्त वर्गात पहिला येणाऱ्या मुलाचा होईना. पर्यवेक्षक सरांनी त्याला उचलून कोपऱ्यातल्या, एरवी कुणी न वापरणाऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं. सगळ्यांनी पेपर पूर्ण केला. आम्ही कँटीनमध्ये चहा पिऊन घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात वैशालीला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. सॉफ्टवेअर कंपनीचा अहवाल आला होता. त्यात लिहिलं होतं, की वैशालीच्या कॉम्प्युटरवरून दोन विद्यार्थ्यांच्या खात्यांत उत्तरं भरली गेली आहेत, तिच्या आणि त्या पहिल्या येणाऱ्या मुलाच्या. तिच्या पेपरमध्ये त्याची उत्तरं जशीच्या तशी सापडली. म्हणजे तिनं त्याचा पासवर्ड चोरला आणि कॉपी केली. परीक्षा विभागाचे प्रमुख तिला म्हणाले, "आम्हाला आधीच शंका होती. खेड्यातून आलेल्या मुलीला एकदम एवढे मार्क?"

वैशाली होस्टेलवर येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मी विचारलं, "तू सांगितलंस का त्यांना?" ती म्हणाली, "काय सांगू? कागदावर माझाच नंबर होता."

मी धावत मॅडमकडं गेले. ऐकून त्या एकदा "झूट" म्हणाल्या, पण या वेळी हळू. मग लॅबमध्ये गेल्या आणि परीक्षेच्या दिवसाची फाइल काढली. आमच्या देखत त्यांनी ती वाचली. वीज जाण्याआधी वैशालीच्या आयपी नंबरवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर एकच कार्ड होतं. वीज आल्यानंतर त्याच आयपी नंबरवरून दोन वेगवेगळी कार्डं बोलत होती. मॅडम उठून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी गेल्या, तो चालू केला. दुसरं कार्ड त्याचंच. तो कॉम्प्युटर दुरुस्त करून आणताना कुणीतरी वैशालीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क जशीच्या तशी त्यावर उतरवली होती, आयपी नंबरासकट. दोन घरांना एकच पाटी. आणि ते महागडं सॉफ्टवेअर माणूस ओळखत होतं ते फक्त पाटीवरून. त्या मुलाची उत्तरं वैशालीच्या खात्यात पडली, वैशालीची त्याच्या.

इतकी साधी गोष्ट. मला वाटलं, संपलं. मॅडम खाली जातील, दाखवतील, प्राचार्य वैशालीला सॉरी म्हणतील.

मॅडम खाली गेल्या. प्राचार्यांनी लॅपटॉपकडं बघितलंसुद्धा नाही. "कंपनीचा अहवाल आहे, मॅडम. कंपनी खोटं कशाला बोलेल?"

"कंपनी खोटं बोलते असं मी म्हणत नाही, सर. कंपनीनं बघितलंच नाही, असं म्हणते. तुम्ही तरी बघा."

"समिती नेमू," प्राचार्य म्हणाले.

समितीत प्राचार्य, परीक्षा प्रमुख आणि जिच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार होती त्याच कंपनीचा माणूस! हे मी आज लिहिते तेव्हासुद्धा माझं डोकं तापतं. प्रोजेक्टर जोडायला म्हणून मॅडमनी मला आत घेतलं होतं. वैशालीला टेबलासमोर बसवलं होतं, आणि पैठणहून आलेली तिची आई दाराशी खुर्चीच्या टोकावर बसली होती. मॅडमनी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. परीक्षा प्रमुख म्हणाले, "फाइल तुम्ही पकडलेली. प्रोग्राम तुमचा. मुलगी तुमची लाडकी. आम्ही विश्वास कसा ठेवायचा?"

"नका ठेवू," मॅडम म्हणाल्या. "माझा प्रोग्राम बाजूला ठेवा. कॉपी करणारी मुलगी म्हणता ना हिला? मग हिलाच लिहू द्या. इथं, तुमच्यासमोर. पहिल्या ओळीपासून." आणि त्यांनी लॅपटॉप वैशालीकडं सरकवला.

वैशालीनं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, मग पडद्याकडं. मॅडमकडं एकदाही नाही. रिकाम्या पानावर तिनं लिहायला सुरुवात केली. फाइल उघडली. एकेक पॅकेट घेणारं लूप लिहिलं. पकडलेली लांबी पुरेशी आहे का, ते आधी तपासलं. चौदा बाइट ओलांडून आयपी नंबर काढला, तो आपलाच आहे का बघितला, आणि असेल तर मागं येऊन कार्डाचा नंबर आणि वेळ छापायला सांगितली. तिनं प्रोग्राम कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायला दिला. लाल अक्षरांत चूक आली.

परीक्षा प्रमुख खुर्चीत मागं रेलले आणि हसले.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, पण तोंड मिटलेलं. वैशालीनं चूक वाचली. पॅकेट वाचायला लागणारी तयार लायब्ररी जोडायची राहून गेली होती. कमांडच्या शेवटी तिनं तेवढं लिहिलं आणि परत चालवलं. पडद्यावर ओळी धावल्या. आधी बराच वेळ एकच कार्ड. मग वीज गेली तेवढी रिकामी वेळ. आणि त्यानंतर दोन कार्डं, आलटून पालटून, पेपर संपेपर्यंत.

वैशाली उभी राहिली. चार वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "सर, हे वरचं कार्ड माझ्या कॉम्प्युटरचं. हे दुसरं माझं नाही. एका कॉम्प्युटरवर बसून मी दोन कॉम्प्युटरांतून कशी बोलणार?"

कंपनीचा माणूस म्हणाला, "कार्डाचा नंबर सॉफ्टवेअरनं बदलता येतो."

"खरं आहे," मॅडम लगेच म्हणाल्या. "येतो. म्हणून वर चला. कोपऱ्यातला कॉम्प्युटर जागेवर आहे. त्याच्या कार्डाचा नंबर हा निघाला नाही, तर मी इथंच सगळ्यांची माफी मागते. चला सर, दोनच जिने आहेत."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. सभागृहात कुणाचा तरी सत्कार होता. परीक्षा प्रमुखांनी कागद गोळा केले. कुणीही उठलं नाही. दोन जिने! एका मुलीचं आयुष्य टांगलेलं होतं आणि ती शिकलेली माणसं दोन जिने चढली नाहीत.

निर्णय आला तो असा: "विद्यार्थिनीची कौटुंबिक परिस्थिती व भवितव्य लक्षात घेता, सहानुभूतीपूर्वक विचार करून, सक्त ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात येत आहे." खाली वैशालीची सही हवी होती.

मॅडमनी तो कागद व्हरांड्यात उभ्यानं वाचला आणि त्यांचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. "सहानुभूती? किसने मांगी सहानुभूती? चोरी झालीच नाही तर माफ कोण करतंय, काय माफ करतंय?"

वैशालीच्या आईनं त्यांचा हात धरला. "मॅडम, तुमी लई केलं. पण आता मिटवा. पोरीचं वरीस वाचलं, तेवढं बास. मोठ्या मान्सांशी आपुन कुठवर भांडायचं?"

मॅडमना राग गिळताना मी तेव्हाच बघितलं. त्या आईला म्हणाल्या, "तुमचं चूक नाही, बाई." मग वैशालीकडं वळल्या. "तू सांग. सही केलीस तर मी काहीच म्हणणार नाही. रागावणार पण नाही. तुझं वर्ष आहे, माझं नाही."

वैशालीनं पेन घेतलं. सहीच्या जागी लिहिलं, "मला मान्य नाही."

तिचा निकाल राखून ठेवला गेला. आमच्या मुलाखती झाल्या, मला पुण्यात नोकरी लागली, आणि वैशाली होस्टेल सोडून परत पैठणला गेली. विद्यापीठात तक्रार केली होती. मॅडम तिला स्कूटरवर मागं बसवून तिथं न्यायच्या. या टेबलावरून त्या टेबलावर. मी फोन केला की वैशाली म्हणायची, "आज पण साहेब नव्हते. मॅडम शिपायाशी भांडल्या."

कॉलेजनं त्या काळात काय केलं? कोपऱ्यातला कॉम्प्युटर पुसून साफ केला. लॅबच्या दारावरचा तो सहीचा कागद एके दिवशी नाहीसा झाला, आणि मग म्हणायला लागले, की मॅडमनी परवानगी नसताना परीक्षेची माहिती पकडली. विभागप्रमुखांना आपली सही आठवेना. स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू झाली, यांना एवढी माहिती कशाला लागते, कुणाला देत असतील, यांचं काय सांगता येतं. 'यांचं' म्हणजे कुणाचं, ते कुणी उघड म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. ज्यांच्या केबिनमधलं नेट मॅडमनी वर्षानुवर्षं वाकून दुरुस्त केलं, ते सगळे ऐकत होते आणि चहा पीत होते. पत्र वाचायचं नाही, पत्ताच वाचायचा, असं आम्हाला शिकवणाऱ्या बाईला त्यांनी हेर ठरवलं.

शेवटी विद्यापीठानं एक तरुण तंत्रज्ञ पाठवला. तो कुणाशी काही न बोलता दोन जिने चढला. कोपऱ्यातला कॉम्प्युटर उघडला. डिस्क पुसलेली होती, पण कार्ड तेच होतं आणि त्याच्या पट्टीवर नंबर छापलेला होता. वैशालीच्या प्रोग्रामनं दाखवला होता तोच. त्यानं फोटो काढला, वीसेक मिनिटांत काम संपवून गेला. विद्यापीठाच्या निर्णयात दोन शब्द होते, "आरोप निराधार." वैशालीचा निकाल लागला. ती पहिल्या वर्गात पास झाली. तोपर्यंत नोकरी द्यायला येणाऱ्या कंपन्या येऊन गेल्या होत्या.

आणि मॅडमची पुढच्या वर्षीची नेमणूक झाली नाही. "तासिका कमी झाल्या," असं कारण दिलं. त्याच आठवड्यात त्याच विषयासाठी दुसऱ्या सरांची जाहिरात निघाली.

मॅडमच्या शेवटच्या दिवशी मी पुण्याहून आले होते. निरोप समारंभ वगैरे काही नव्हताच. त्या पिशवी घेऊन गेटपाशी आल्या तर वॉचमननं अडवलं. त्याला वरून हुकूम होता, पिशवी तपासायची. तो बिचारा ओशाळला होता. "मॅडम, जाऊ द्या, मी तपासली म्हणून सांगतो."

"नक्को," मॅडम म्हणाल्या. "तपासल्याशिवाय तपासली म्हणायचं नाही. बघ नीट." आणि त्यांनी गेटच्या मधोमध, सगळ्या स्टाफच्या गाड्या मागं खोळंबलेल्या असताना, पिशवीतली एकेक वस्तू त्याच्या टेबलावर मांडली. डबा. पाण्याची बाटली. चष्म्याचं घर. खडूंनी पांढरं झालेलं डस्टर. प्राचार्यांची गाडी हॉर्न वाजवत होती. मॅडमनी सगळं परत सावकाश भरलं, ओढणी सावरली आणि मला म्हणाल्या, "रडू नको. मी काही चुकीचं करून चालले का? मग?" मी रडत होते ते दुःखानं नव्हे. मला त्या गाडीच्या काचेवर दगड घालावासा वाटत होता, आणि अजूनही, खरं सांगायचं तर, मधूनच वाटतो.

आता मॅडम दुसऱ्या गावातल्या एका मुलींच्या तंत्रनिकेतनात शिकवतात. तिथंही तासिका तत्त्वावरच. वैशालीला वर्षभरानं नोकरी मिळाली. एका मोठ्या नेटवर्कची देखभाल करणाऱ्या टीममध्ये ती आहे आणि तिच्या हाताखाली माणसं आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी संभाजीनगरला आले होते. स्टेशन रोडच्या चौकात आमच्या कॉलेजचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. प्रवेश सुरू आहेत. त्यावर हसणारी वैशाली! खाली लिहिलेलं, "आमची गुणवंत विद्यार्थिनी." मी रिक्षा थांबवून फोटो काढला आणि तिला पाठवला.

वैशालीनं दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांना फोन केला. भांडली नाही. म्हणाली, "सर, फोटो राहू द्या. त्याखाली फक्त एक ओळ घाला." ओळही तिनं लिहून पाठवली. प्राचार्य म्हणाले, "विचार करून सांगतो." त्यांनी काही सांगितलं नाही. चार-पाच दिवसांनी मी त्या चौकातून गेले तर फ्लेक्स उतरवलेला होता आणि नुसता लोखंडी सांगाडा उभा होता. ती ओळ घालण्यापेक्षा त्यांना तेच सोपं वाटलं.

मी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून मुलींचा गलका ऐकू येत होता. मॅडम भडकतील अशी माझी खात्री होती, आणि त्या भडकल्याही. आधी प्राचार्यांवर, मग माझ्यावर, की मी तिला फोटो पाठवलाच का. मग वैशालीवर. "तिला म्हणावं, स्वतःसाठी भांड. माझ्यासाठी कायकू?"

मग दार लोटल्याचा आवाज आला, मुलींचा गलका दूर गेला.

"काय ओळ होती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितली. "मला पॅकेट वाचायला रेहाना मॅडमनी शिकवलं."

"परत सांग," मॅडम म्हणाल्या.

मी परत सांगितली.